तांबं काळ्यावर उठत नाही

तांब्याचं नाणं काळ्यावर ठेवून फोटो काढा म्हणणारा माणूस एक तर अडाणी असतो, नाही तर हट्टी, असं चिमीचं ठाम मत होतं. भिंगकाका अडाणी नक्कीच नव्हते. जुन्या नाण्यांच्या धंद्यात त्यांचे केस पिकले होते. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग ते आंघोळीला जाताना तरी काढतात की नाही, याची त्यांच्या बायकोलाही शंका होती. पण विक्रीच्या पुस्तकात नाणं काळ्यावरच हवं, हा त्यांचा जुना हेका. "काळ्यावर नाणं श्रीमंत दिसतं," ते म्हणायचे. सोनं दिसतं, चांदी दिसते, कबूल. तांबं मात्र काळ्यावर बुडतं. नाण्याची कड कुठे संपली आणि कापड कुठे सुरू झालं, तेच कळत नाही. मग गिऱ्हाईक पान उलटून पुढे जातं आणि भिंगकाका म्हणतात, हल्ली तांब्याला मागणी नाही.

चिमी पन्नाशीला टेकली होती. बाहेरच्या जगात ती फोटोवाल्या ताई होती. चिमी म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं, तिचे वडील, आणि ते नाव त्यांना रोज आठवेल याचीही शाश्वती नव्हती.

अप्पांचा जन्म धातू घासण्यात गेला. एका कारखान्यात फिरत्या चाकासमोर उभं राहून त्यांनी नळ घासले, दाराच्या मुठी घासल्या, दिवे घासले. मळलेलं पितळ दिसलं की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी यजमानाशी बोलायचं सोडून त्याच्या दाराच्या कडीकडे बघत बसायचे, आणि घरी आल्यावर चिमीच्या आईच्या शिव्या खायचे. आता आई नव्हती आणि अप्पांचं डोकं साथ देत नव्हतं. जेवून उठले की जेवायला मागायचे. चिमीला कधी ताई म्हणायचे, कधी बाई, कधी "अहो, तुमचं घर कुठं?" म्हणून विचारायचे. एकदा दार उघडं दिसलं तसे निघाले आणि थेट जुन्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. कारखाना बंद पडून जमाना झाला होता. ते मात्र कुलपाकडे बघत भोंग्याची वाट पाहत होते.

त्या प्रकारानंतर दुसऱ्या गावी राहणारा धाकटा भाऊ येऊन गेला. वाईट नव्हता तो. फोन करायचा, औषधं पाठवायचा. पण दुरून बघणाऱ्याला सगळं फार स्वच्छ दिसतं, तसं त्याला दिसायचं. "ताई, तू दिवसभर घरात असतेस म्हणून मी गप्प आहे," तो म्हणाला. "ज्या दिवशी तुला कामासाठी घराबाहेर पडावं लागेल, त्या दिवशी अप्पांना वृद्धाश्रमात ठेवायचं. मी जागा बघून ठेवली आहे. मग वाद घालायचा नाही." चिमीने वाद घातला नाही, कारण बोलणं खरं होतं. नाणी घरी येत होती म्हणून ती घरी होती, आणि ती घरी होती म्हणून अप्पा घरी होते. एवढ्या एका खुंटीवर सगळं घर टांगलेलं होतं.

आणि नाणी घरी येणं ही काही साधी गोष्ट नव्हती. भिंगकाका सख्ख्या मेहुण्यालाही नाणं दुकानाबाहेर नेऊ द्यायचे नाहीत. चिमीला मात्र ते स्वतः पेटी आणून द्यायचे. "तुझ्या हातावर माझा विश्वास आहे," एवढंच म्हणायचे आणि चहा न घेता जायचे.

या खेपेला पेटीत नुसतं तांबं होतं. कुणा म्हाताऱ्या संग्राहकाने जन्मभर जमवलेलं. त्यात एक मोठं नाणं असं होतं की ते बघून चिमीसुद्धा क्षणभर कॅमेरा विसरली. छाप्यावर डावीकडे बघणारा राजा, काट्यावर शिडाचं गलबत, आणि सगळ्यावर चिंचोक्यासारखा गुळगुळीत, गडद तपकिरी रंग. या रंगाला भिंगकाका नाण्याची कातडी म्हणायचे. ती शेकडो वर्षांत आपोआप येते, माणसाला आणता येत नाही. नाण्याचा जीव त्या कातडीत. ती सोलली की उरतो तो नुसता तांब्याचा तुकडा, मग त्यावर राजा असो की गलबत. "हे मुखपृष्ठावर," भिंगकाका म्हणाले होते. "मालकाने याच नाण्यासाठी मला सगळी पेटी दिली. आणि बॅकग्राउंड काळी."

चिमीने जमिनीवर कागद पसरले. पानं मांडायची तिची रीत ठरलेली होती. मोठी नाणी खाली, लहान वर, म्हणजे पान डोईजड होत नाही. उजेड सगळ्यांवर एकाच बाजूने, घड्याळात दहा वाजतात तिथून. तो चुकला तर उठावाचा राजा खड्ड्यात गेल्यासारखा दिसतो. आणि चेहऱ्याने नेहमी पानाच्या आत बघायचं. पानाबाहेर बघणारा राजा बघणाऱ्याची नजरही बाहेर घेऊन जातो. राजाचं तोंड चुकीच्या दिशेला असेल तर त्याची जागा बदलायची, पण फोटो उलटा फिरवून तोंड वळवायचं नाही. या धंद्यात त्याच्यासारखं पाप नाही, कारण मग ते नाणं जगात कुठेच नसलेलं नाणं होतं.

मांडणी जमली. रंग जमेना. पांढऱ्यावर नाणं कोळशासारखं दिसू लागलं. लाल कागदाची झाक कडेवर चढली आणि राजा लाजल्यासारखा दिसला. हिरव्यावर औषधाच्या दुकानाची जाहिरात वाटली. आणि काळ्यावर राजाचं नाक तेवढं दिसलं, बाकी महाराज अंधारात.

"तांबं उठत नाहीये, अप्पा," जेवताना ती वैतागून म्हणाली. हे बोलणं उत्तरासाठी नव्हतं. दिवसभर घरात दुसरं कोण होतं बोलायला?

अप्पांचा घास हातातच राहिला. "उठत नाही?"

"काळ्यावर नाही उठत."

"मळलं असेल," अप्पा म्हणाले. कित्येक दिवसांत ते इतकं मुद्द्याचं वाक्य बोलले नव्हते. चिमीला हसू आलं. तिने त्यांच्या पानात भाजी वाढली आणि विषय संपला असं समजली.

सकाळी तिने भिंगकाकांना फोन करून दुसऱ्या रंगाची परवानगी काढली. "आण तुझा रंग, बघू," ते कुरकुरत म्हणाले. "पण मला पटला पाहिजे." ती कागदवाल्याकडे निघाली तेव्हा पेटी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली तिच्या पर्समध्ये पडली. मोठं नाणं मात्र कॅमेऱ्याखाली तसंच राहिलं. विसरली नव्हती ती. सकाळपासून खटपट करून दिवा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत तिने राजाच्या गालावर हवा तसा उजेड आणला होता, आणि एकदा उजेड बसला की नाणं हलवायचं नाही, ही सवय तिच्या हाडात मुरलेली. नाणं उचललं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फोटोवाला नसलेल्या कुणाही शहाण्या माणसाने ते उचलून कुलपात टाकलं असतं.

अप्पांजवळ शेजारच्या मावशी येऊन बसल्या. अप्पांच्या मांडीवर त्यांचा जुना पत्र्याचा डबा होता, त्यात चिंध्या आणि पॉलिशची लाल वडी. चिमी रोज त्यांना एखादं पितळेचं कुलूप नाही तर चमचे घासायला द्यायची. हात गुंतले की जीव गुंततो, असा तिचा अनुभव होता. "आज कुलूप दिलंय त्यांना," तिने मावशींना सांगितलं.

कागदवाल्याने गठ्ठ्यांवर गठ्ठे उपसले. "ताई, राखाडी ती राखाडी, त्यात काय एवढं निवडायचं?"

"तुम्हाला सगळी गिऱ्हाइकंही सारखीच दिसत असतील," चिमी म्हणाली.

"उधारी मागणारी तेवढी वेगळी दिसतात."

शेवटी तळाच्या गठ्ठ्यातून एक पारवा कागद निघाला. निळा म्हणावा तर निळा नाही, करडा म्हणावा तर त्यात थोडं आभाळ. चिमीने पर्समधलं एक झिजलेलं, कवडीमोल तांब्याचं नाणं त्यावर ठेवलं आणि ते उठलं. कड वेगळी झाली, तपकिरी रंगात ऊब आली, पुसट अक्षरंसुद्धा वर आल्यासारखी झाली. चिमी इतकी खुलली की भाव न करताच तिने पैसे दिले. कागदवाल्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. गुंडाळी काखेत घालून ती घराकडे निघाली तेव्हा तिच्या मनात मुखपृष्ठ तयार झालेलं होतं. हा रंग बघून भिंगकाकांनी काळ्याचं नाव काढलं असतं तर तिने नाव बदललं असतं.

दारातच मावशी भेटल्या. "अगं, किती शांत बसले होते आज! लिंबू मागितलं, म्हटलं सरबत हवं असेल, तर म्हणे घासायला. घरून आणून दिलं बाई. डब्याचं झाकण निघत नव्हतं, ते उघडून दिलं. मग एकदा उठले नाहीत की दाराकडे गेले नाहीत."

घासायला दिलेलं कुलूप टेबलावर होतं, मळकंच. चिमीला तेवढं दिसलं आणि ती कॅमेऱ्याकडे धावली. कॅमेऱ्याखाली काही नव्हतं. उजेडाचं रिकामं वर्तुळ तेवढं पडलं होतं.

अप्पा खिडकीशी बसले होते. बोटं लाल झालेली, आणि चिंधीत काहीतरी फिरत होतं, गोल, न थांबता, एकाच चालीने. त्यांचा हात थरथरत नव्हता. पेला धरताना थरथरणारा तो हात कुठे गेला होता कोण जाणे. त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या डोळ्यांत ओळख होती.

"चिमे," ते म्हणाले, "आलीस? बघ आता उठतं का."

त्यांनी तळहात पुढे केला. राजा नव्या नळासारखा झळझळत होता. गुलाबी, कोवळा, नागडा. कातडी गेली होती. एक डाग नाही, एक ओरखडा नाही. असं काम फक्त अप्पाच करू शकले असते. त्या कारखान्यात त्यांच्या हातून याहून चांगलं काम कधी झालं नसेल.

चिमीला ओरडायचं होतं. पण कित्येक दिवसांनी त्यांनी तिला चिमी म्हटलं होतं. तिला एकाच वेळी त्यांच्या कुशीत शिरावंसं वाटलं आणि ते नाणं त्यांच्या हातून हिसकावून घ्यावंसं वाटलं. यातलं तिने काहीच केलं नाही. ती जमिनीवर बसली.

"छापा झाला," अप्पा म्हणाले. "काटा राहिलाय अजून. एक बाजू करून सोडायचं नसतं."

"राहू दे, अप्पा."

"अर्धं काम टाकून उठतं का कुणी?" ते रागावले. तिने नाणं हळूच काढून घेतलं तेव्हा त्यांनी ते सोडलं, पण दिवसभर त्यांची बोटं मांडीवर फिरत राहिली.

तिने एक खटपट करून पाहिली, हे लपवण्यात अर्थ नाही. पारवा कागद अंथरला, राजा त्यावर ठेवला, उजेड मंद केला आणि रंग ओढत ओढत पडद्यावर पुन्हा तपकिरी आणला. आला. हुबेहूब आला. चिंचोक्यासारखा. मुखपृष्ठावर छापला असता तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पण फोटोला कातडी चढवून नाण्याला थोडीच चढते? तिने तो फोटो पुसून टाकला आणि भिंगकाकांना फोन केला.

ते आले. खुर्चीवर बसले, भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं बघितलं. मग उलटं केलं. गलबत अजून तपकिरी होतं. ते बराच वेळ गलबताकडेच बघत राहिले, जणू पुन्हा उलटं करायची त्यांना भीती वाटत होती.

"मी केलं," चिमी म्हणाली. "फोटोत उठेना म्हणून."

भिंगकाकांनी भिंग खाली सोडलं. खिडकीशी अप्पा बसले होते, त्यांची लाल बोटं मांडीवर गोल गोल फिरत होती. भिंगकाकांनी ती बोटं पाहिली. नाण्याचं खरंखोटं ओळखणाऱ्या माणसाला एवढं ओळखायला भिंग कशाला लागतं?

"चिमाताई," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी तिला या नावाने हाक मारली. घरात ऐकलं असेल कधी. "तू केलंस असं मी मालकाला सांगितलं, तर तुला पुन्हा काम देता येणार नाही. त्यांनी केलं असं सांगितलं, तर या घरात पुन्हा नाणं देता येणार नाही. तूच सांग, काय सांगू?"

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण त्यात निदान दोन जागा तरी वेगळ्या असतात. इथे दोन्हीकडे एकच विहीर होती.

"दुकानात येऊन काढ फोटो," भिंगकाका उठता उठता म्हणाले. "मागची खोली रिकामी करून देतो. सकाळी यायचं, संध्याकाळी जायचं. मालकाची समजूत मी घालीन, नाही पटली तर माझं नशीब. याच्यापुढे मला काही करता येत नाही गं." त्यांना जे देता येत होतं ते त्यांनी सगळं दिलं होतं, आणि नेमकं तेच तिला घेता येत नव्हतं.

तिने हातपाय मारले नाहीत असं नाही. मावशींना विचारलं, त्यांचे गुडघे त्यांनाच उचलत नव्हते. दिवसाची बाई ठेवून पाहिली. अप्पांनी तिच्या कानातलं घासायला मागितलं आणि दिलं नाही म्हणून तिचा हात पिरगळला, तशी ती दुसऱ्या दिवशी फिरकलीच नाही. अप्पांना बरोबर घेऊन जावं, तर ज्या दुकानात चारी भिंतींना जुनं तांबं, तिथे त्यांना न्यायचं म्हणजे बोक्याला दुधाच्या भांड्याशी बसवायचं. घरबसल्या लग्नाचे, बारशाचे फोटो कोण देतं? शेवटी तिनेच धाकट्याला फोन केला. तो "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, तिला कुणावर तरी चिडता आलं असतं. तो म्हणाला, "ताई, तूही माणूस आहेस," आणि बघून ठेवलेल्या जागेचा पत्ता सांगितला.

वृद्धाश्रमाच्या बाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं. कपडे किती, औषधं कुठली, भेटायचे वार कुठले. "आणि त्यांचे दोन फोटो पाठवा. एक समोरून, एक बाजूने. एकाच पानावर शेजारी शेजारी. चुकून बाहेर गेले तर लोकांना दाखवायला लागतात."

चिमीने भिंतीवर पारवा कागद लावला. दुसरा कुठलाही लावता आला असता, पण तिचा हात त्याच गुंडाळीकडे गेला. स्टूल ठेवलं, दिवा दहाच्या बाजूला आणला, अप्पांना स्वच्छ सदरा घातला. त्यांनी स्वतःहून चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने लख्ख पुसला आणि पुन्हा घातला. समोरून फोटो निघाला. अप्पा उठले आणि दाराकडे चालू लागले.

"अप्पा, एक बाजू राहिली."

ते थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "राहिली?" ते म्हणाले. "मग असं कसं सोडायचं?" ते परत आले, स्टुलावर बसले, पाठ ताठ केली आणि बाजूला वळून दाराकडे तोंड करून अगदी न हलता बसले. तिला एकदाही सांगावं लागलं नाही. चिमीने डोळा कॅमेऱ्याला लावला. काचेतून काही दिसेना, पाण्यातून बघितल्यासारखं झालं. तिने बाहीने डोळे पुसले आणि बटण दाबलं.

मग ती पडद्यासमोर बसली आणि पान मांडू लागली. बाजूचा फोटो तिने आधी डावीकडे ठेवला, तर अप्पा पानाबाहेर बघू लागले. तिने तो उजवीकडे नेला. आता ते पानाच्या आत बघत होते. पारव्या रंगावर त्यांच्या चेहऱ्याची कडन्‌कड वेगळी झाली होती. भाजलेला तपकिरी रंग, कपाळावरच्या आठ्या, हनुवटीवरचा चाकाने दिलेला जुना व्रण, सगळं वर आलं होतं. नाण्यासाठी हाच रंग बरोबर होता, यात आता तिला काही शंका उरली नव्हती.

अप्पा मागे येऊन उभे राहिले होते. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते पडद्याकडे बघत होते.

"चांगले उठलेत," ते म्हणाले. "कोण आहेत हो हे, बाई?"

"आपलेच आहेत," चिमी म्हणाली, आणि तिने ते पान पाठवून दिलं.